वरच्या फळीचे रंग

केटलविक
३ फेब्रुवारी २०१३

हेस्टर,

या दोन हातांनी केलेल्या वस्तू, महत्त्वाच्या तेवढ्याच लिहितो. घरातला जिना, कठड्यासकट. समुद्राकडची खिडकी, ईशान्येचा वारा थेट तिच्यावर येतो, तरी पाण्याचा थेंब आत आलेला नाही. स्वयंपाकघरातलं एल्मचं टेबल. शेवंडांचे सापळे, अर्ध्या गावाचे. बाबांची शवपेटी, ओकची, सांध्यात सांधा बसवलेली, एकही खिळा नाही. ती तू पाहिलीस आणि काही बोलली नाहीस. आपल्या होडीच्या, 'गुड इंटेंट'च्या, तीन सोडून बाकी सगळ्या फळ्या. आणि आपल्या चित्राची चौकट.

यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. बाबांना रंधा धरता येत नव्हता, हे तुलाही ठाऊक आहे. पुस्तकं आणली, लाकूड वाया घालवलं, पुन्हा आणलं.

हे आत्ता सांगायचं कारण असं, की काल थॉर्नहेडच्या संग्रहालयातल्या मिस पेल नावाच्या बाईंनी माझ्यासमोर ती चौकट सोडवली. तिशीच्या असतील, बोटं मात्र सुईणीसारखी. चौकट उलटीपालटी करून विचारलं, "ही कुणी केली?"

"मी."

"तुमचा धंदाच हा का?"

"नाही. करायचं तर नीट करतो, इतकंच."

त्यावर त्या हसल्या. मला ते हसू आवडलं नाही असं म्हणणार होतो, पण आवडलं.

तर मुद्दा. संग्रहालयाला आपलं चित्र उन्हाळ्यातल्या प्रदर्शनासाठी हवं आहे. या किनाऱ्यावर येऊन गेलेल्या चित्रकारांचं प्रदर्शन आहे, आणि एडगर होल्डनची चित्रं आता लोक शोधू लागलेत म्हणे. परवानगीच्या कागदावर सह्या दोन लागतात. चित्र होडीबरोबर जातं हे गावाला माहीत आहे, पण बाबांच्या मृत्युपत्रात लिहिलंय की घरातल्या वस्तू दोघांत निम्म्या, आणि वकिलाला गावाची रीत कळत नाही. म्हणजे होडी माझी आणि चित्र अर्धं तुझं. कागद सोबत आहे. फुलीच्या जागी सही कर.

चित्र कुणाकुणाकडे होतं आणि कुठे कुठे मांडलं गेलं, याची हकिगत त्यांना हवी होती. ती मी लिहून दिली. तुझ्या माहितीसाठी थोडक्यात: होल्डननं 'वादळ ओसरल्यावर, केटलविक' हे चित्र १८८७ च्या हिवाळ्यात इथे आपल्या वाळूवर बसून काढलं. पुढच्या वर्षी लंडनला उन्हाळी प्रदर्शनात लागलं, पण छताजवळ, जिथे मान मोडल्याशिवाय दिसत नाही. खपलं नाही. मग थॉर्नहेडच्या एका दारूगाळ्यानं ते घेतलं आणि जेवणघरात लावलं. त्याच्या बायकोला त्या लाटा बघून जेवताना मळमळायचं. तिनं वीस वर्षं काढली, आणि १९०८ साली लाइफबोटीच्या जत्रेत सोडतीला देऊन टाकलं. तिकीट लागलं पणजोबा जेकबला. त्याला खरं तर दुसरं बक्षीस हवं होतं, हॅम. तेव्हापासून ते आपल्या चुलीवरच्या भिंतीवर. १९५१ च्या उत्सवात गावच्या सभागृहात आठवडाभर. बस्स.

वरच्या फळीबद्दल मी मिस पेलना एक अक्षर सांगितलेलं नाही. तूही कुठे बोलू नको.

जाताना तू म्हणाली होतीस, होडी कुणाची ते कळेल तेव्हा लिही. मला ते तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही आहे. तरी लिहितोय, कारण सही हवी आहे.

रूबेन


केटलविक
२४ फेब्रुवारी

हेस्टर,

वरच्या फळीचं त्यांना कळलं.

त्यांनी मला कार्यशाळेत बोलावलं होतं. म्हाताऱ्या अनथँकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून त्याला गाडीत घेतलं. तो बाहेर थांबेल असं वाटलं होतं. आत आला, टोपी काढून चित्रासमोर बसला, आणि मिस पेल त्याला आपली हत्यारं दाखवू लागल्या. एक ब्रश उचलून म्हणाल्या, "हा डुकराच्या केसांचा."

अनथँकनं उडी मारून रेडिएटरचं लोखंड धरलं. "बाई, तो शब्द नको! मासेमाराच्या कानावर पडला की अपशकुन, लोखंडाला हात लावावा लागतो. आता उद्या समुद्रावर जाता येणार नाही मला."

"तू चौदा वर्षांत गेला नाहीस," मी म्हणालो.

"म्हणूनच जिवंत आहे."

बिचाऱ्या बाईंनी तीन वेळा माफी मागितली, आणि तिसऱ्या वेळी तोच शब्द पुन्हा उच्चारला. म्हाताऱ्यानं मग रेडिएटर सोडलाच नाही.

तर चित्रातली होडी. किनाऱ्याकडे शेपटीनं येणारी, आपल्या होड्या येतात तशी, नाळेचं पुढचं टोक समुद्राकडे. तिची वरची फळी आगकाडीहून जाड नाही. तिथून त्यांनी मोहरीहून बारीक कण उचलला, तो उभा कापला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मला म्हणाल्या, बघा. पाहिलं, तर केकचा काप. रंगावर रंग, रंगावर रंग.

"मिस्टर थीकर, या फळीवर कुणीतरी वारंवार रंग दिलाय. आणि हा चित्रकाराचा रंग नाही. हा होडीचा रंग आहे. लोखंडी डब्यातला."

आता काय करणार? सांगितलं. होडी नव्या हातात गेली की नवा मालक वरची फळी आपल्या रंगानं रंगवतो, आणि त्याच दिवशी, त्याच डब्यातून, चित्रातल्या होडीचीही. असंच चालत आलंय. खरी एका रंगाची आणि भिंतीवरची दुसऱ्या, असं ठेवलं तर ती कुणाची ते समुद्राला कसं कळणार? हे मी म्हणत नाही, आजोबा म्हणायचे.

मला वाटलं आता शिव्या खाव्या लागणार. शंभर वर्षं आम्ही एका चांगल्या चित्रावर डांबराच्या शेजारचा रंग फासतोय! पण त्या टाळ्या पिटत उठल्या. "म्हणजे मालक कोण कोण होते, ते चित्रावरच आहे! आयुष्यात असं बघितलं नाही मी."

मग दोघं मिळून मोजायला बसलो. सगळ्यात वर तांबूस तपकिरी, तो माझा. दोन डबे मिसळून मीच बनवला होता आणि तसा या किनाऱ्यावर दुसरा नाही. त्याखाली बाबांचा पांढरा. त्याखाली आजोबा आयझॅकचा निळा. सगळ्यात खाली जेकबचा लाल, आणि लालच्या खाली होल्डनचा स्वतःचा, करडा हिरवट. बरोबर?

नाही. लाल आणि निळा यांच्यामध्ये पिवळा आहे.

मी म्हणालो, अस्तराचा असेल. त्या म्हणाल्या, अस्तर नाही. त्याच्यावर चुलीचा धूर बसलेला दिसतो, म्हणजे हा रंग कित्येक हिवाळे उघडा होता. मी म्हणालो, आमच्या घरात पिवळा कुणाचा नव्हता. मला माहीत आहे. होड्यांचं मला सगळं माहीत आहे. त्यांनी पुन्हा बघायला लावलं. पिवळा होता तिथेच होता.

अनथँककडे वळलो. तो छत बघत होता.

"तुला ठाऊक आहे काय रे?"

"मला मोतीबिंदू आहे," तो म्हणाला.

लहानपणी तू म्हाताऱ्या बायकांच्या घोळक्यात बसायचीस, विणकाम करत. मी शेडमध्ये असायचो. तुझ्या कानावर काही आलं असेल तर लिही. सहीचा कागद परत आलेला नाही. वाटेत अडकला असेल.

रूबेन


केटलविक
१७ मार्च

हेस्टर,

कागद वाटेत अडकलेला नाही, हे मला कळतं.

इथे एक नवं उपटलंय. हॅरोगेटहून डेन्झिल क्रॉसली नावाचे चित्रव्यापारी आले होते. एवढी रुंद गाडी की आपल्या उतारावर अर्ध्यात अडकली, आणि माझ्याच बायकोनं, जिलनं, हातवारे करत ती पुन्हा मागे न्यायला लावली. माणूस वाईट नाही. जिलचं पार्किन, आल्याचा तो केक, दोनदा मागून खाल्लं. चित्राचा फोटो टेबलावर ठेवून म्हणाले, "थीकरसाहेब, हे होल्डनचं सर्वांत चांगलं काम आहे. फक्त ही होडी. नंतर कुणीतरी जी काही डागडुजी केलीय, ती सगळी काढायची. खाली होल्डनचा हात शाबूत आहे. तो मोकळा झाला की मी घेतो. आकडा पाठवतो, जरा चौकशी करून."

"डागडुजी नाही ती," मी म्हणालो.

"मग काय?"

आता मी त्यांना काय सांगणार? म्हणालो, "रीत."

"रीतीला गिऱ्हाईक नाही," ते म्हणाले. आणि तेही हसत, म्हणून रागावता आलं नाही.

म्हणजे प्रश्न असा. रंग काढायचे आणि विकायचं, की आहे तसं ठेवायचं. हे मी एकट्यानं ठरवायचं नाही. ठरवलं असतं, पण कायदा आडवा येतो.

तू विचारलेलं नाहीस तरी सांगतो, 'गुड इंटेंट' उत्तम आहे. दर एप्रिलला खरवडतो, जवसाचं तेल देतो, रंगवतो. स्क्रू सगळे पितळी. या किनाऱ्यावर इतकी निगा राखलेली होडी दुसरी नाही. शेडमध्ये असते. कोरडी.

हो, कोरडी. जिल तिला केटलविकमधलं सगळ्यात महागडं कपाट म्हणते, कारण मी रंगाचे डबे तिच्यात ठेवतो. तिनं तुझ्या होडीचा फोटो कुठून तरी शोधून काढला. हिरवी आहे! हेस्टर, होडी आणि अपशकुनी हिरवी? तिकडे जगाच्या दक्षिण टोकाला, ब्लफमध्ये, कुणी तुला टोकलं नाही? वायरेमू नवरा आहे, तो तरी काही बोलला असेल. जिल म्हणते, तो फोटोत हसतोय. हिरव्या होडीत बसून हसणारा मासेमार मी पाहिला नाही.

सात हिवाळे तू बाबांबरोबर 'गुड इंटेंट'वर गेलीस, हे मी नाकारलेलं नाही. पण कुजलेल्या फळ्या बदलून तिला पुन्हा होडी कुणी केलं, हेही कुणी नाकारू नये. मी बांधली नसती तर तू कशात गेली असतीस?

पिवळ्याचं कळव. ते मला झोपू देत नाही, असं जिल म्हणते. मी झोपतो. पण ती म्हणते.

रूबेन


केटलविक
१४ एप्रिल

हेस्टर,

पत्र मिळालं. तुझं अक्षर बदललंय. मोठं झालंय.

मी ते जिलला वाचून दाखवलं, मग तिनं माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, कारण मी मधली वाक्यं गाळतो असा तिला संशय होता. गाळली होती.

तेव्हा पिवळा डॉर्कसआत्याचा. १९४१ ला जेकब थकला होता, आजोबा आयझॅक होडी हातात घ्यायच्या आधीच सुरुंग काढणाऱ्या जहाजावर गेले, आणि त्यांच्या बहिणीनं होडी घेतली. एका डोळ्यानं अधू असलेल्या चुलत्याला बरोबर घेऊन बाई चार हिवाळे समुद्रावर गेली. आणि मला ती फक्त अंगणात जाळी दुरुस्त करणारी, गोळ्या देणारी म्हातारी म्हणून आठवते. रंग मिळत नव्हता, म्हणून रेल्वेच्या सिग्नलचा पिवळा डबा कुणाकडून तरी मिळवला. पंचेचाळीसला आजोबा परत आले. पहिल्याच रविवारी त्यांनी होडी निळी केली, घरात येऊन चित्रातलीही निळी केली, आणि चहा मागितला.

"आणि मी दिला," असं ती तुला म्हणाली. "पिवळा चांगला होता गं. धुक्यात लांबून दिसायचा." बस्स, एवढंच?

मी पत्र खिशात घातलं आणि अनथँककडे गेलो. त्याचं ऑपरेशन झालंय, एका डोळ्यावर पट्टी. विचारलं, "डॉर्कसआत्या होडी घेऊन जायची?"

"जायची की. मी पोरगा होतो. वाळूवर तिची होडी ओढायला लागायचो. आयझॅकपेक्षा बरी उतरवायची लाटेवर."

"हे गावात कुणाला ठाऊक होतं?"

"सगळ्यांना."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

त्यानं उघडा डोळा माझ्यावर रोखला. "तू विचारलंस कधी, रूबेन? तू सांगत असतोस."

मी घरी आलो.

आता तुझी अट. पिवळ्यापर्यंत खरवड, मग सही करते. हेस्टर, त्याचा अर्थ आजोबा, बाबा आणि मी, तिघंही स्पिरिटच्या बोळ्यात पुसून कचऱ्यात. क्रॉसलींना सगळेच रंग नको आहेत, तुला तीन नकोत. तुझ्यात आणि त्यांच्यात फरक दोन थरांचा.

हे मी रागात लिहिलं. खोडत नाही, कारण खरं आहे. पण रात्रभर नाही, तरी चांगला तासभर त्या टेबलाशी बसलो. आजोबांनी तिचा रंग झाकला, आणि आत्ता तू म्हणतेस तसं आपण त्यांचा काढला, तर आपण तेच केलं की उलट्या दिशेनं. बाबांनी तुला होडी दिली नाही, पण बाबा होते. त्यांचा पांढरा रंग मी ढवळून दिला होता, मी बारा वर्षांचा होतो. डबा अजून आहे.

तो जाऊ देणार नाही मी. सही न करता राहिलीस तरी चालेल.

रूबेन


केटलविक
१२ मे

हेस्टर,

फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून आपण जे ठरवलं ते लिहून ठेवतो.

आधी हे: तुझा आवाज ऐकून जिलनं हातातला टॉवेल तोंडावर धरला. मी रडलो नाही. तुला वाटलं असेल, मी मुद्दाम हवामान विचारत बसलो. "तिथे किती वाजले?" "सकाळचे सात." "उद्याचे?" "उद्याचे." "मग उद्या कसा आहे?" आणि तू म्हणालीस, "ओला." नऊ वर्षांनंतर एवढंच सुचलं. पण बाबांनीही हेच विचारलं असतं.

तर मिस पेलचा तोडगा. त्या म्हणतात, फळी सगळी खरवडायची गरज नाही. शेपटीकडच्या टोकाला, नखाएवढ्या लांबीत, पायऱ्या काढायच्या. पहिल्या पायरीवर माझा रंग काढला की बाबांचा पांढरा. त्यापुढे पांढरा काढला की निळा. मग पिवळा, मग लाल, आणि शेवटी होल्डन, टाचणीच्या डोक्याएवढा. सगळे एका रांगेत, कुणी कुणाला झाकत नाही. बाकीची फळी आहे तशीच. मी हे सांगितलं. तू म्हणालीस, "म्हणजे पहिला तुझा जाणार."

"हो."

"ब्लेड लावतील त्याला?"

"हो."

"तू बघणार?"

"बघणारच. त्यांचा हात नीट चालतो की नाही ते पाहायला."

तेव्हा तू हसलीस. ते लिहून ठेवतो.

मग मी विचारलं, "आणि विकायचं का?" तू म्हणालीस, "तू काय म्हणतोस?" मी म्हणालो, नाही म्हणतो. तू म्हणालीस, "मग विचारतोस कशाला?" हे मी तुझी संमती म्हणून धरतो. नंतर म्हणू नको.

परवा काम झालं. डोळ्यावर भिंग, हातात इतकं बारीक ब्लेड की मला त्याचा हेवा वाटला. माझ्या रंगाचा पापुद्रा निघाला, पिठाच्या कणाएवढा, आणि त्यांनी तो फुंकून टाकला नाही. काचेच्या कुपीत ठेवला. मी म्हटलं, राहू द्या, घरी डबाभर आहे. पण बरं वाटलं.

बाबांचा पांढरा अजून स्वच्छ. आजोबांचा निळा कडक, ब्लेडला दाद देईना. मिस पेल म्हणाल्या, "हट्टी रंग आहे." अनथँक मागून म्हणाला, "माणूसही तसाच." त्याला मी बरोबर नेला होता, दोन्ही डोळ्यांनिशी. या वेळी ब्रशांची नावं घ्यायची नाहीत असं आधीच ठरलं होतं.

मग पिवळा आला. हेस्टर, तो काही मंद नव्हता. मला वाटलं होतं धुरानं काळवंडलेला असेल. वरचा धूर त्यांनी थुंकीनं पुसला. हो, थुंकीनं, तीच त्यांची रीत. आणि तो असा उघडला, जणू कुणी दार लोटलं. करड्या समुद्रावर, करड्या आभाळाखाली तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा.

अनथँक पुढे झाला, नाक जवळजवळ टेकवून. "हाच," म्हणाला. आणि टोपी काढली. ती त्यानं आधीच काढलेली होती, म्हणून नुसताच हात डोक्याला लावला.

तू जे दुसरं विचारलंस, "होडी अजून शेडमध्येच?", त्याला मी उत्तर दिलं नाही. ते सावकाश देतो.

रूबेन


केटलविक
३० जून

हेस्टर,

सही मिळाली, प्रदर्शन काल उघडलं, आणि मधल्या काळात 'गुड इंटेंट' बुडाली. क्रमानं सांगतो.

जूनच्या पहिल्या शनिवारी डबे बाहेर काढले आणि होडी वाळूवर नेली. अख्खं गाव बघायला. अनथँक म्हणाला, "आधी दोन-तीन दिवस कडेच्या पाण्यात भिजत ठेव. नऊ वर्षं सुकलीय, लाकूड आकसलं असेल." मी म्हणालो, माझ्या सांध्यांतून सुई जाणार नाही. त्यानं पाइप तोंडात घातला. जिल आत बसली, मी सुकाणू धरलं, आणि बंधाऱ्याच्या टोकापर्यंतही पोचलो नाही. पाणी प्रत्येक शिवणीतून येत होतं, शांतपणे, जणू घरचंच. जिल गुडघाभर पाण्यात उभी राहून हसत होती. म्हणाली, "कपाटाला पूर आला." बंधाऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, "रूबेन, चाळणी बांधलीस काय रे?"

तिला उथळ पाण्यात तशीच राहू दिली. चौथ्या दिवशी लाकूड फुगलं, शिवणी मिटल्या, आणि त्यानंतर थेंब नाही. माझे सांधे चांगलेच आहेत. त्यांना पाणी हवं होतं. हे गावातला प्रत्येक पोरगा जाणतो आणि मीही जाणत होतो. आता दर आठवड्याला आम्ही दोघं जातो. सापळे आठ. तुला हसू येईल. शेवंड एक मिळाली, तीही लहान, परत सोडली. मला उलटी झाली, दोनदा. पण हेस्टर, पाण्यावरून गाव बघितलं की आपलं घर केवढंसं दिसतं, आणि माझी खिडकी त्यात सरळ दिसते. अगदी ओळंब्यात.

प्रदर्शन. चित्र छताजवळ नाही, डोळ्यांच्या उंचीवर आहे. मी मोजून पाहिलं. चौकट माझीच ठेवलीय. भिंग टांगलंय, लोक रांगेनं वाकून बघतात, आणि वाकलेली माणसं उठताना एकमेकांशी बोलू लागतात. शेजारी मालकांची नावं लिहिली आहेत. माझी हकिगत चुकीची होती, ती मी स्वतः दुरुस्त करून दिली. आता असं आहे: जेकब थीकर, सोडतीत, १९०८. डॉर्कस थीकर, १९४१. आयझॅक थीकर, १९४५. एमॉस थीकर, १९७१. रूबेन आणि हेस्टर थीकर, २००४. होडीबद्दल शेजारी वेगळा कागद आहे. त्यात मी मिस पेलना एक ओळ वाढवायला सांगितली, की बाबांबरोबर सात हिवाळे ती कुणी चालवली. नाव दिलंय. जिल म्हणते, हेच नऊ वर्षांपूर्वी तोंडानं म्हणाला असतास तर टपालाचा खर्च वाचला असता. जिल काहीही म्हणते.

गावच्या बायका बसभरून आल्या होत्या. डॉर्कसआत्याच्या नावापुढे उभं राहून त्या ज्या गप्पा मारत होत्या, त्या मी चाळीस वर्षांत ऐकल्या नव्हत्या. मी मध्ये बोललो नाही. ऐकलं. एकीनं मला विचारलंही, "तब्येत बरी आहे ना रे?"

आत्ता तुमच्याकडे हिवाळा, ऑयस्टरचा म्हणजे कालवांचा हंगाम, मला कळतं. पण ऑक्टोबरला चित्र घरी येईल. तेव्हा ये. वायरेमूला आण. होडी तू चालवायचीस, मी पुढे बसेन, बादली घेऊन.

आता क्रॉसली. काल ते आले होते, भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग मला खिडकीकडे नेलं. म्हणाले, चौकशी पुरी झाली, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त पाचही रंग निघाले पाहिजेत, काम त्यांच्या खर्चानं. कागदावर आकडा लिहून घडी माझ्या हातात दिली. मी उघडली, वाचली, मिटली, आणि म्हणालो, "नाही. होडी अजून वापरात आहे." त्यांनी हात मिळवला, सभ्य माणूस. विचारलं, बहिणीला विचारणार नाही का? मी म्हणालो, विचारलंय.

पण विचारलं तेव्हा आकडा मलाही ठाऊक नव्हता. अर्धा तुझा आहे, म्हणून सांगणं भाग आहे. मी नाकारला तो एकसष्ट हजार पौंडांचा देकार होता.

तुझा भाऊ,
रूबेन